अकरा ठिकाणं

रत्नागिरीत आमचा मुक्काम दोन दिवसांचा आणि ह्यांच्या यादीत ठिकाणं अकरा. दुसऱ्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावर दहा मिनिटं झाली नाहीत तोच हे घड्याळ बघत म्हणाले, "चल, दीपगृह राहिलंय."

तेवढ्यात एक लाट माझ्या पायांपाशी येऊन विरली. वाटलं, लग्नाला तीस वर्षं झाली, पण आजवर प्रत्येक समुद्र मी रिक्षातून मागे वळूनच पाहिला. मी वाळूत फतकल मारून बसले. "तुम्ही जाऊन या."

हे खरंच गेले. ऊन कललं तेव्हा घामाघूम होऊन परतले.

"माझी सगळी ठिकाणं झाली. तू काय पाहिलंस?"

"समुद्र," मी म्हटलं. "अख्खा."

हे वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.