जमिनीवरून दिसलेल्या विहीणबाई

विहीणबाई गेल्याचा मुलाचा हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी पुरी निवडली, मग रडले. त्याला आता सहा आठवडे झाले.

कुसुमताई म्हणजे माझ्या सुनेची आई. नागपूरला शाळेत चित्रकला शिकवायच्या. तीन वर्षं आम्ही दोघी इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला माझ्या मुलाच्या घरी एकत्र राहिलो. सुरुवातीला आमचं पटलं नाही. मी चौथी शिकलेली, त्या शाळेतल्या बाई; माझ्या पोळीचा आकारसुद्धा तपासायच्या. पण बाहेर आग ओकणारं ऊन आणि गाडी दोघींनाही येत नव्हती. भांडून जाणार कुठे?

गेल्या वर्षी त्यांचा बरा झालेला कॅन्सर उलटला. आता ट्रीटमेंट नको म्हणाल्या, आणि एका दुपारी माझ्यापुढे वही-पेन्सिल टाकली. "जन्मभर मी लोकांची चित्रं काढली, माझं कुणी काढलं नाही. मी आहे तोवर तुम्ही काढा."

"मला रांगोळीपलीकडे काही येत नाही."

"शिकलेले लोक मला गोड काढतील. तुम्ही नाही काढणार."

हे मात्र खरं होतं.

दोन महिने रोज दुपारी मी काढायची. गोल तोंड, मोठे डोळे, कपाळावर टिकली. "ही कुठली देवी?" त्या विचारायच्या. "टिकली लावते का मी? विहीणबाई, तुम्ही मला बघतच नाही, डोक्यातलं उतरवता." त्यांनी मला आरशातून बघायला लावलं, एक डोळा मिटायला लावला, फोटो उलटा धरून काढायला लावला. उलटा फोटो बरा उतरला. पण समोर त्या बसल्या की पुन्हा देवीच. आणि त्या दिवसागणिक वाळत होत्या. खुर्चीत बसणं अर्ध्या तासावर आलं.

एकदा मी चिडून वही फेकली आणि जमिनीवर बसून मटार सोलायला घेतले. मान वर केली तर... खुर्चीतली बाई ओळखूच येईना. हनुवटी पुढे आलेली, नाकपुड्या म्हणजे दोन भोकं, कपाळ जवळजवळ नाहीच, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. "हलू नका!" मी ओरडले. हे तोंड माझ्या डोक्यात नव्हतंच, म्हणून दिसेल तेच काढावं लागलं.

त्यांनी चित्र बराच वेळ बघितलं. "काय भयंकर नाक आहे हो माझं!"

"आहेच."

हसता हसता त्यांना ठसका लागला. "जिंकलात," म्हणाल्या. "करा सही."

शोकसभेला सुनेने त्यांचा हसरा फोटो मांडला. मी शेजारी टेबलावर चित्र उभं केलं. ती म्हणाली, "अहो, हे आईसारखं दिसत नाही. लोक येतायत, प्लीज काढा ना."

"नाही काढणार."

तेवढ्यात चार वर्षांची नात धावत आली. फोटोकडे तिने बघितलंही नाही. चित्रासमोर मान वर करून उभी राहिली आणि उचलून घ्यायला दोन्ही हात पसरले. "दॅट्स माय आजी!"

 सून साडी सावरत लेकीशेजारी जमिनीवर बसली आणि तिथून वर बघू लागली... बराच वेळ उठली नाही.

चित्र आता हॉलमध्ये आहे, मुद्दाम उंच लावलंय. नाक मोठं झालंय असं कुणी म्हणालं की मी सांगते, आधी खाली बसा.