भाड्याच्या खोलीतले चाळमालक

मालकमामांना दारात उभं राहून बोलता येत नसे. कुणाकडेही गेले की आधी चपला काढायच्या, आत शिरायचं, भिंतीला टेकून बसायचं आणि मगच तोंड उघडायचं. तोवर घरातल्या बाईने पाण्याचा तांब्या पुढे केलेला असे आणि मामा ज्या कामाला आले ते काम तिथेच बुडे.

आईचे हे थोरले भाऊ शेलार गावाकडचे शेतकरी. त्यांच्या शेतावर गोदामं उभी राहिली, त्यात राहतं घरही गेलं. आलेल्या पैशांत मामांनी नारपोलीला एक बैठी चाळ घेतली. भाडेकरूंसकट होती म्हणून स्वस्तात पडली. कोपऱ्यातली मोठी खोली रिकामी करून घ्यायची आणि तिथे आपण राहायला जायचं, एवढाच बेत होता. तोवर मामा-मामींनी जवळच्याच एका इमारतीत भाड्याने खोली घेतली. त्या दिवसापासून आम्ही भाचरं त्यांना मालकमामा म्हणू लागलो. ते हसायचे, मामी हसत नसत.

व्यवहार जुळवणाऱ्या दलालाने बजावलं होतं, "मामा, अंगणातूनच बोला. कुणाच्या घरात पाऊल टाकू नका." पण मामांच्या गावी नवं शेत घेतलं की बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यांबरोबर एक भाकरी खायची पद्धत. तेवढं केल्याशिवाय त्या शेतात नांगर घालत नसत. मामांनी चाळीलाही शेतच समजून टाकलं. पहिल्याच रविवारी मामींकडून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण करून घेतलं आणि दर खोलीत बसून थोडं थोडं खाऊन आले. दलालाने कपाळाला हात लावला.

कोपऱ्यातल्या खोलीत करीमचाचा आणि त्यांची बायको राहत. जन्मभर कापड विणायच्या खडखडत्या लूमवर काम करून चाचांना कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे मामांना त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे. खोली सोडा, हे वाक्य काही ओरडून म्हणण्यासारखं नव्हे. मामा घरून अगदी ठरवून निघत, रस्ताभर शब्द जुळवत, आणि परत येत ते चाचांच्या छपराचा पत्रा बदलायचं कबूल करून. इकडे त्यांच्या स्वतःच्या भाड्याच्या खोलीत पावसाळाभर भिंतींना ओल असे.

"तुमी चालीचं मालक हाव का जावय? दर खेपंला जेवून येताव," मामी म्हणत. त्यांच्या बोलण्याला धार होती, पण मागणं फार साधं होतं. त्यांना स्वतःचा उंबरठा हवा होता. घरमालकाने भिंतीला खिळा ठोकायलाही मनाई केलेली. देव एका खोक्यावर मांडलेले. पाहुणं कुणी आलं की त्या आधी सांगत, "हे आमचा घर न्हाय हां. आमचा घर नारपोलीला हाय."

मग मामी आजारी पडल्या आणि डॉक्टरांनी आशा सोडली. मी मामांना म्हटलं, "आता तरी सांगा चाचांना." मामा म्हणाले, "सांगितला तं ते उद्याच निंगतील. मंग या वयात दोघांनी जावाचा कुठं?" मला त्यांचा संताप आला. इतका चांगुलपणा बायकोच्या वाट्याला का येत नाही, हे मी विचारलं नाही, पण मनात तेच होतं.

मामींनी हॉस्पिटलात प्राण सोडला तेव्हा घरमालकाच्या मुलीची हळद होती. इमारतीच्या दारात मांडव. घरमालक हात जोडून म्हणाला, "मामा, आजच्या दिवस इथे आणू नका." तो वाईट माणूस नव्हता. पण मामींना न्यायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. शेवटी मीच चाळीत फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा अंगण झाडून, पाणी मारून ठेवलं होतं. शेजारच्या कारखान्यातले लूमही बंद केले होते. मामींना पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या जागेत आणलं, आणि जमिनीवर ठेवलं.

मामी इतकी वर्षं याच कोपऱ्यातल्या खोलीची वाट पाहत होत्या, हे तिथेच कुणाच्या तरी बोलण्यातून चाचांना कळलं. ते मामांसमोर येऊन बसले. "मालिक, एक दफ़ा बोल तो देते," एवढंच म्हणाले आणि रडू लागले.

तेरावं होण्याआधी चाचांनी खोली सोडली. मामांनी खूप विनवलं, पण म्हातारा-म्हातारी मुलखाला निघून गेली. मोकळ्या, स्वच्छ पुसलेल्या खोलीत मी मामांना घेऊन गेलो. म्हटलं, आता इथे राहायला या. त्यांनी चारही भिंती पाहून घेतल्या.

"हे घर तिला दाखवाचा होता," ते म्हणाले. "मना काय, मी कुठंही रेतो."

पुढे दोन वर्षांनी मामा गेले, त्या भाड्याच्या खोलीतच.