बिनकांद्याचा डबा

इटलीतल्या डोंगरउतारावरच्या त्या घरात मालकीणबाई माझा दुपारचा डबा भरत होत्या. चिमटीनं कोशिंबिरीतला कांदा त्या एकेक करून वेचत होत्या.

ही सहल आम्हा दोघांसाठी, आमच्या सवडीची आखून घेतली होती. दिवसभर द्राक्षमळ्यांतून आपलं आपण चालायचं, संध्याकाळी नव्या गावात जेवण आणि वाइन. सहल कंपनीच्या फॉर्ममध्ये स्वतःच्या नावापुढे ह्यांनी मला लिहायला लावलं होतं, 'तेव्हा चातुर्मास असेल, कांदा-लसूण नको.'

"आणि वाइन चालते वाटतं?"

"द्राक्षं उपासालाही चालतात," हे म्हणाले होते.

जूनमध्ये हे गेले. एकाचं नाव काढा, असं मी कंपनीला कळवलं. त्यांनी काढलं, पण चुकून माझं. ह्यांचा डबा तेवढा गावोगाव येत राहिला.

माणूस गेलं की त्याचे नेम घरातून किती लवकर उठतात! ऐन श्रावणात मी पोह्यांत कांदा घालायला लागले होते. आणि इथं परक्या मुलखात एक अनोळखी बाई ह्यांचा चातुर्मास पाळत होती.

तिनं डबा पुढे करून खुणेनं विचारलं, बरोबर ना?

कांद्यावाचून मला घास उतरत नाही. मी मान डोलावली आणि डबा दोन्ही हातांनी घेतला.