नाटकं कॉम्प्युटरमध्ये आहेत

वह्या पाण्यात लगेच बुडत नाहीत. गंगेत, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीत, गुडघाभर पाण्यात उभी राहिले तेव्हा मला हे कळलं. सात वह्या होत्या, दोनशेपानी, जाड पुठ्ठ्याच्या. एकेक सोडली की ती उताणी होऊन पायाशीच घोटाळायची. शेवटी मी त्या हाताने दाबून धरल्या. शाई सुटून पाणी निळं झालं. मग हात जोडले आणि काहीतरी पुण्य केल्याच्या आनंदात घरी आले.

वह्यांत माझ्या नवऱ्याची नाटकं होती. ते ओझरला विमानाच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते आणि दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी एकांकिका लिहायचे. बक्षीस एकदाच मिळालं, तेही उत्तेजनार्थ. पण स्पर्धा जवळ आली की त्यांचा चेहरा जसा उजळायचा, तसा पगाराच्या दिवशीही उजळत नसे. नव्वदच्या दशकात मी कॉम्प्युटर घेऊन घरी टायपिंगची कामं करायचे. प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल. त्यातून सवड काढून ती सातही नाटकं मी टाइप केली. ते खोलीत येरझाऱ्या घालत वाचून दाखवायचे. मी मध्येच थांबून म्हणायचे, "कुठली बायको नवऱ्याशी असं बोलते?" ते चिडायचे, दोन फेऱ्या जास्त मारायचे आणि मग वाक्य बदलायचे. आमच्या संसारातले ते सगळ्यात चांगले दिवस होते. मला ते तेव्हाही कळत होतं.

पुढे कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही नाशिकला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. तोवर वह्यांना वाळवी लागायला सुरुवात झाली होती. रद्दीत घालायच्या नाहीत, हे नक्की होतं. "माझी नाटकं भेळेखाली नकोत गं," असं ते एकदा हसत म्हणाले होते. जाळणं तर अभद्रच. लिहिलेला कागद म्हणजे सरस्वती. चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. म्हणून मी गंगा ठरवली. सांगितल्यावर ते म्हणाले, "एक तरी ठेव."

मी म्हटलं, "अहो, नाटकं कॉम्प्युटरमध्ये आहेत. तिथे वाळवीचा बापसुद्धा पोचत नाही."

माझ्यापुढे बोलून उपयोग नसतो हे त्यांना लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं.

नंतर टायपिंगची कामं कमी झाली, डोळेही थकले. जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती, घरात नवा कॉम्प्युटर आला होता, आणि एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला. पक्षाघात. हातपाय हळूहळू सुधारले, वाचा मात्र गेली ती गेलीच. गणपतीची आरती अडखळत का होईना पूर्ण म्हणायचे, पण पाणी हवं असलं तर तो एक शब्द सापडायचा नाही. जे दोन-चार शब्द यायचे ते अहिराणीत. ते नामपूरकडचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी त्यांच्या बोलीला इतकी हसले होते, की माझ्याशी ती बोलणं त्यांनी बंदच केलं. नाटकात मात्र त्यांनी ती सोडली नाही. त्यांची पात्रं अहिराणीतच भांडायची.

वाचा सुधारायला एक बाई घरी यायच्या. त्या म्हणाल्या, "त्यांना पाठ असलेलं, आवडीचं काहीतरी रोज मोठ्याने वाचा. वाक्य अर्ध्यावर सोडा. पुढचं त्यांना म्हणू द्या. पहिले सहा महिने हातचे घालवू नका."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. आवडीचं आणि पाठ! त्यांना सात नाटकं पाठ होती. आणि ती माझ्याकडे होती.

त्याच दिवशी माळ्यावरून कॉम्प्युटर उतरवला. चालू होईल याची खात्री नव्हती, पण झाला. पडद्यावर पहिल्या नाटकाचं पहिलं पान आलं, स्वच्छ मराठीत. मात्र पडदा थरथरत होता, दोन मिनिटांत काळवंडायचा, आणि जुना प्रिंटर केव्हाच मोडीत गेला होता. ठरवलं, सगळं फ्लॉपीवर घ्यायचं, नव्या कॉम्प्युटरवर उघडायचं आणि मोठ्या अक्षरात छापायचं. फ्लॉपीवर उतरवलं, जुना बंद केला, नव्यात फ्लॉपी घातली.

पहिलं नाटक उघडलं. मराठीचा पत्ता नाही. डोक्यावर टोप्या घातलेली, खाली शेपट्या लावलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच पाव आणि पाऊणचे आकडे. वाटलं, ही एकच फाईल बिघडली असेल. बंद करताना त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. यंत्राने विचारलं की 'येस' म्हणायचं, हा माझा शिरस्ता. 'नो' म्हटलं तर काहीतरी जाईल अशी भीती वाटायची. मी येस म्हटलं. दुसरं उघडलं, तेच. येस. अशी सातही उघडली आणि सातही बंद केली.

फ्लॉपी घेऊन कॅनडा कॉर्नरला एका दुकानात गेले. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "ताई, जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं नव्याला कळत नाहीत. तेवढ्याने काही बिघडलं नसतं, काढून दिली असती. पण तुम्ही सेव्ह केलंत. न कळलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी त्याने प्रश्नचिन्ह टाकलंय. आता खाली मूळ अक्षर उरलेलंच नाही." मी पडद्याकडे पाहिलं. पानंच्या पानं प्रश्नचिन्हं. "जुन्यावरून परत आणा, मी करून देतो," तो म्हणाला.

रिक्षाने घरी आले आणि जुना चालू केला. आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला. पडदा काळाच. दहा वेळा केला. दुसऱ्या दिवशी तो डबा उचलून पुन्हा त्याच दुकानात नेला. आठवड्याने दुकानदाराने मान हलवली. डिस्क गेली होती, आणि ती उघडून बघण्याची सोय त्याच्याकडे काय, गावात कुणाकडे नव्हती.

मग बैल गेला आणि झोपा केला, तशी माझी धावाधाव सुरू झाली. स्पर्धेला दिलेल्या प्रती परत मिळायच्या नाहीत. नाटकात काम करणारे त्यांचे एक मित्र निवृत्त होऊन नांदगावला गेले होते, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मला माझी चार वाक्यं याद हायेत. तीबी टाळ्या पडल्या म्हणून." ती चार वाक्यं मी लिहून घेतली. प्रश्नचिन्हांच्या पानांतून उरलेली अक्षरं जुळवत पंधरा दिवस बसले. हाताला काही लागलं नाही. मी स्वतः टाइप केलेली नाटकं, पण मला आठवत होती ती फक्त आमची भांडणं. कुठलं वाक्य मी बदलायला लावलं ते आठवायचं, बदलून काय झालं ते आठवायचं नाही. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

नांदगावची चार वाक्यं त्यांना वाचून दाखवली. अर्ध्यावर थांबले. ते माझ्याकडे बघत राहिले. रोज तीच चार वाक्यं. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. सहा महिने असे गेले.

फ्लॉपीवर आठवी फाईल होती, ती मी उघडलीच नव्हती. एका दुपारी उघडली. साध्या इंग्रजीत होती, म्हणून धडधाकट होती. नाटकाचं सामान कारखान्याच्या फाटकातून आत न्यायला गेटपास लागायचा, त्यासाठी केलेली यादी. कुठल्या नाटकाची तेही वर लिहिलेलं नव्हतं. तरी मी ती मोठ्या अक्षरात छापली आणि त्यांच्या हातात दिली. दुसरं काय देणार होते?

त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं. "खुर्ची... दोन नग. कंदील... एक नग. घोंगडी, जुनी... एक नग." इंग्रजीतली यादी ते मराठीत वाचत होते. इतके शब्द सलग त्यांच्या तोंडून पक्षाघातानंतर पहिल्यांदाच आले. ते शेवटच्या ओळीपर्यंत आले, कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटला.

"नाटक कोठे शे?" त्यांनी मला विचारलं.

"माझ्याकडे होतं," मी म्हणाले.