बाबांनी लावलेली जादा स्प्रिंग

माझ्या बाबांना कुठलीही वस्तू आहे तशी राहू देता येत नाही. आईने नवा मिक्सर आणला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या झाकणाला पत्र्याची क्लिप. माझी छत्री त्यांनी इतकी दणकट करून ठेवली की उघडायला दोन माणसं लागायची. "आता बघ तुटतेय का," म्हणून ते खूश, आणि आम्ही बसलोय छत्रीशी कुस्ती खेळत.

बाबा म्हणजे कमळाकर मढवी, राहणार पावणे गाव, नवी मुंबई. आजोबांची भातशेती बाबांच्या जन्माआधीच एमआयडीसीत गेली. सोळाव्या वर्षी बाबा त्याच भागातल्या एका कारखान्यात झाडू मारायला लागले, मग पत्रा दाबायच्या प्रेसवर आले, आणि पस्तिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःचा गाळा घेतला. तिथे बाइकचे साइड स्टँड बनतात. गिऱ्हाईक एक स्प्रिंग मागतं, बाबा दोन लावतात. याचं कारण माझे दिनानाथ काका. ठाणे-बेलापूर रोडवर काकांच्या बाइकचा स्टँड चालत्या गाडीत खाली आला, वळणावर रस्त्याला टेकला आणि काकांचा डावा पाय कायमचा आखूड झाला. बाबा मागे बसले होते. तेव्हापासून स्टँड वर घट्ट बसलाच पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं आहे.

अशा माणसाची मी मुलगी, जागृती, आणि मी स्कीइंग करते. हसू नका. पावण्याच्या पोरीचं बर्फात काय काम, हे आख्ख्या गावाने विचारून झालंय. शाळेत रोलर स्केट्स होते, कॉलेजच्या सुट्टीत गुलमर्गचा चौदा दिवसांचा कोर्स केला, आणि मग ते सुटलंच नाही. मी करते ते फ्रीस्टाइल. उंचवट्यावरून उडी मारायची, हवेत गिरकी घ्यायची आणि पुष्कळदा पाठमोरं उतरायचं. यंदा माझे कोच आशुतोष सर म्हणाले, "फेब्रुवारीत निवड चाचणी आहे. परदेशी सरावाला मुलींच्या दोन जागा, आणि दावेदार तुम्ही तिघी." मी तेवीस वर्षांची आहे. पुढची चाचणी कधी होईल देव जाणे. मला ती जागा हवी होती, अगदी जिवापाड हवी होती.

आणि आडवा आला तो ब्रेक! स्कीवर बूट एका पकडीत बसतो. त्या पकडीला दोन्ही बाजूंना जाड तारेचे पाय असतात, तो ब्रेक. बूट आत असला की पाय वर. पडल्यावर बूट सुटला की ते खटकन खाली येतात आणि बर्फात रुततात, म्हणजे स्की एकटीच उतारावरून धावत सुटत नाही. ब्रेकशिवाय कुणी उतारावर पाऊल ठेवू देत नाही. पण फ्रीस्टाइलमध्ये ते टिकतील तर शपथ. पाठमोरं उतरताना बर्फात अडकतात, कसरतीसाठी रोवलेल्या लोखंडी पाइपवर आपटतात, वाकतात, तुटतात. डिसेंबरात डाव्या स्कीचा तुटला. परदेशातून मागवला, तो तीन आठवडे कस्टममध्ये पडून राहिला. बसवला, तर नवव्या दिवशी तोही तुटला. चाचणीला सोळा दिवस उरले आणि कंपनीचा मेल आला की पुढचा माल एप्रिलमध्ये. मी रडकुंडीला आले. दुसरं काही सुचेना, म्हणून स्की खांद्यावर मारून घरी आले.

बाबांनी ब्रेक दोनदा दाबून बघितला. "यो तर स्टँड हाय."

"बाबा, स्टँड नाहीये. उलटं आहे. बूट सुटला की हा खाली आलाच पाहिजे."

"कळला."

मी कागदावर काढून दाखवलं. तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा "कळला, कळला."

खरं सांगते, पुढचे दहा दिवस मला बाबांचा अभिमान वाटत होता. त्यांनी तुटका पाय आधी वेल्डिंग करून जोडला. मग स्वतःच म्हणाले, "पन तिकरं थंडी हाय ना?" गाळ्यापासून दोन गल्ल्या सोडून मासे ठेवायचं कोल्ड स्टोरेज आहे, आत उणे अठरा. बाबा आईची शाल गुंडाळून, स्की बगलेत मारून आत शिरले. तासाभराने हातोडीचा एक ठोका घातला आणि वेल्डिंग तडकलं. दुसरा पाय तडकला, तिसरा वाकला. चौथा त्यांनी एकाच अखंड तारेतून वळवला. तो त्या थंडीत आम्ही पन्नास वेळा दाबला आणि पन्नास वेळा तो खाली आला. माशांच्या पेट्या उचलणारे लोक कामं सोडून बघत उभे होते. मी बाबांना तिथेच मिठी मारली.

तिथेच थांबले असते तर ते कमळाकर मढवी कसले!

रस्ता बर्फाने बंद होता, त्यामुळे मी गुलमर्गला पोचले ती थेट चाचणीच्या दिवशी सकाळी. तपासणीच्या खोलीत स्कीची पिशवी उघडली आणि डोक्यात तिडीक गेली. ब्रेकला एक नवी, बारीक स्प्रिंग. वर पिवळं ग्रीस थापलेलं. लगेच फोन लावला.

"बाबा, हे काय आहे?"

"अगं, तू उडी मारतेस. हवेत ब्रेकचे पाय खाली आले तं मरशील. जरा वरती धरून ठेवील ती. तू निघालीस त्या सकाली पॅकिंग करताना लावली."

"मला विचारलंत?"

"तू आंघोलीला गेलेलीस."

मी फोन ठेवला आणि ब्रेक दाबून सोडला. खाली आला. तपासणाऱ्या माणसाने दाबला, त्यालाही खाली आलेला दिसला. त्याने स्टिकर लावला. खोलीत हीटर चालू होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. स्प्रिंग काढायला पक्कड हवी होती आणि ती खाली गाडीत राहिली होती. जाऊन आणायला दहा मिनिटं लागली असती. मी गेले नाही, ही माझी चूक, आणि ती मी कबूल करते.

बाहेर उणे चौदा होतं. वर नंबर येईपर्यंत चाळीस मिनिटं उभी होते. पहिली फेरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात छान झाली. मी दोन नंबरला होते! दुसऱ्या फेरीत फक्त धड उतरायचं होतं. शेवटच्या उडीनंतर पाठमोरी उतरले आणि तोल गेला. पडले, डावा बूट सुटला, इथपर्यंत ठीक, पडतो माणूस. पण स्की थांबली नाही. ग्रीस थंडीने गोठलं होतं आणि ती स्प्रिंग ब्रेकला वरच धरून बसली होती. स्की सुसाट खाली गेली. खाली एक माणूस दाताळ्याने बर्फ सारखा करत होता. तिघांनी ओरडून सांगितलं, पण त्याने मान वर करेपर्यंत ती त्याच्या नडगीवर आदळली होती.

पंचांनी विचारलं, ब्रेकला हात कोणी लावला? मी म्हटलं, "मी नाही. माझ्या बाबांनी." ते म्हणाले, स्कीवर तुम्ही उभ्या होतात. मला चाचणीतून बाद केलं आणि मोसमभर उतार बंद.

घरी आले ती खोलीत शिरले. सरांना रोज फोन, अपील करा, अपील करा. आई विचारायची जेवतेस का, मी म्हणायचे भूक नाही. बाबांशी एक शब्द बोलले नाही. आईने त्यांना एवढंच सांगितलं होतं की पोरगी घसरली. चाचणीनंतरच्या नवव्या दिवशी त्यांनी मला गाळ्यात बोलावलं. टेबलावर स्की ठेवली होती.

"ब्रेक तं मोडला नाय," बाबा म्हणाले आणि दाबून दाखवला. खट. "बघ, येतो खाली."

"इथे येतो!" मी किंचाळले. "तिथे नाही आला! पन्नास वेळा थंडीत तपासलंत आणि शेवटच्या दिवशी मला न विचारता ती स्प्रिंग लावलीत. किती वेळा सांगितलं होतं, हा स्टँड नाही! माझी जागा होती, बाबा. दोन नंबरला होते मी. स्की सुटली, खाली एका माणसाला लागली आणि मला हाकलून दिलं. तुमच्यामुळे!"

प्रेसवर काम करणाऱ्या भैरूने मशीन बंद केलं. गाळ्यात सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बाबा चिडतील, नाहीतर माफी मागतील. दोन्हीला माझी उत्तरं तयार होती.

"मानसाला लागली?" बाबांनी विचारलं.

"हो."

"कुटं?"

"पायाला. नडगीवर."

बाबा स्टुलावर बसले. "हाड मोडला?"

"माहीत नाही. उचलून नेलं त्याला."

"आता चालतो का तो?"

"बाबा, मला काय माहीत?"

"नाव काय त्याचा?"

ते मी कुणाला विचारलंच नव्हतं. नऊ दिवस झाले होते.

"फोन लाव आधी," बाबा म्हणाले. "मंग मला काय बोलायचा ता बोल. मी हितंच हाय."

मी सरांना फोन लावला. ते वैतागूनच बोलले, "जागृती, अपिलाचं काही होणार नाही. किती वेळा सांगू?"

"अपिलासाठी नाही, सर," मी म्हटलं. "त्या माणसाचं नाव विचारायचं होतं."