संगीताची जोडचाकांची स्कूटर

संगीताच्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही. सकाळी मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर चढवायचं, काखेत कुबडी धरायची, मगच तिला घराबाहेर पडता यायचं. कार्ल्याहून ती रोज भुशी धरणाच्या वरच्या अंगाला, भाड्यानं देतात त्या बंगल्यांच्या ऑफिसात बुकिंगचे फोन घ्यायला जायची. जायची ती मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जोडचाकं बसवलेल्या स्कूटरवरून. त्या स्कूटरवर बसली की तिला कुणाला हाक मारावी लागत नसे.

विम्याचं काम बघणारी शुभदा तिची शाळेतली मैत्रीण. विमा नव्यानं भरताना ती म्हणाली, "वाटेत गाडी बंद पडली तर मदत मिळते, तेही जोडून घे. साधं घेतलंस तर मेकॅनिक येऊन बघतो. भारीतलं घेतलंस तर गाडी उचलून गॅरेजला नेतात."

"मला गाडी ढकलता येत नाही, शुभदा. टाकून चालत जाताही येत नाही. नेतील ना नक्की?"

"अगं, त्यासाठीच तर असतं ते."

संगीतानं भारीतलं घेतलं.

श्रावणातला रविवार होता. ऑफिसातून परतताना भुशीच्या उतारावर स्कूटर दोनदा आचके देऊन बंद पडली. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या. धबधब्याला आलेल्या चौघांनी स्कूटर उचलून कडेला ठेवली आणि ते निघून गेले. संगीतानं विम्याच्या मदत-नंबरवर फोन लावला.

"गाडी निघालीय मॅडम. तुम्ही वाहनापाशीच थांबा."

ती थांबली. पाऊस अंगावर घेत थांबली. पोटाखाली लघवीची कळ दाटू लागली, पण आडोसा होता तो खाली, निसरड्या उतारापलीकडे. येणारे-जाणारे तिच्या पायाकडे बघायचे आणि नजर वळवायचे. माणसांच्या लोंढ्यात ती मांड्या आवळून बसून राहिली.

गर्दीतून वाट काढत टोइंगची गाडी आली. ड्रायव्हर माज नावाचा तरुण. त्यानं स्कूटरभोवती एक चक्कर मारली आणि तोंड पाडलं.

"ताई, ही जोडचाकं... आमच्याकडे फक्त दोनचाकी घेतात." त्यानं ऑफिसला फोन केला, बराच वेळ नुसतं 'हो सर, हो सर' केलं. मग म्हणाला, "चाकं सोडवली तर नेता येईल म्हणतात. पाना आहे माझ्याकडे. पण सुटे भाग गाडीत घ्यायला परवानगी नाही, चाकं हितंच ठेवावी लागतील."

"आणि मी?"

"केबिनमध्ये गिऱ्हाईक बसवायला मनाई आहे. रिकाम्या केबिनचा फोटो काढून पाठवावा लागतो आम्हाला. तुम्ही रिक्षा बघा."

रिक्षा? समोर गाड्यांची रांग तसूभर हलत नव्हती. तळेगावच्या कारागिरानं मापं घेऊन बसवलेली ती चाकं रस्त्यात टाकायची, आणि त्यांच्याशेजारी आपणही पडून राहायचं! संगीतानं हँडल घट्ट धरलं.

"चाकं काढायची नाहीत."

माज थोडा घुटमळला, "माफ करा ताई," म्हणाला आणि गेला. लगेच मोबाइलवर मेसेज आला: ग्राहकाने सेवा नाकारली.

तिनं पुन्हा फोन लावला. आता आवाज दुसराच. नाव सांगा, गाडीचा नंबर सांगा, ठिकाण सांगा.

"मी नाकारली नाही!" ती ओरडली. "ऐका हो, मी नाकारली नाही!"

फोन कट झाला.

समोर मक्याच्या कणसांची टपरी होती. तिथवर जाऊ म्हणून ती उठली. कुबडी चिखलात सरकली आणि ती आडवी झाली. कॅलिपर रुतलं. माणसं वळसा घालून जात राहिली. तिचे कपडे भिजले होते. त्यातलं सगळंच पावसानं भिजलेलं नव्हतं. तोंड हातात लपवून ती तशीच रडत राहिली.

टपरीवाली सरुबाई धावत आली. "उठ गं माजी बाय. मला धर. लाजायचं न्हाई, हितं कोन बगतंय!" टपरीमागं ताडपत्री धरून तिनं संगीताला आपलं जास्तीचं लुगडं गुंडाळायला दिलं. मग आपल्या दिराला, केरबाला हाक मारली. केरबाच्या कणसांच्या पिकअपमध्ये चार माणसांनी मिळून स्कूटर चढवली. जोडचाकांसकट.

शुभदानं नंतर कागद काढून वाचले. "बदल केलेली वाहनं वगळून, असं लिहिलंय गं. मी कधी इतकं खाली वाचलंच नव्हतं."

संगीतानं आणखी दोन कंपन्यांकडे विचारलं. दोघांनी स्कूटरचा फोटो मागवला. पुढं कुणीच उत्तर दिलं नाही.

स्कूटर दुरुस्त झाली, पण भुशीचा चढ ती पुन्हा चढली नाही. ऑफिसनं काही दिवस वाट बघितली, मग फोनवर दुसरी मुलगी बसवली. आता संगीता कार्ल्यात एका दुकानामागं बसून चिक्कीचे खोके भरते. तिथं फोन नाही, बोलायला फारसं कुणी नाही.

आई अधूनमधून म्हणते, "तुज्या गाडीवर शिरगावच्या देवळात बाबांच्या पाया पडून येऊ."

"जाऊ कधीतरी," संगीता म्हणते, आणि स्कूटरवर प्लास्टिक ओढून घेते.