होम केल्याशिवाय पटांगण नाही

"तो फोटो तिकडं ठेव. चपलांच्या मांडणीवर."

वाडीचा कारभार बघणारे नाना सुपारी कातरत होते. वर बघितलंही नाही त्यांनी.

माझ्या हातात निळ्या कोटातल्या आमच्या बाबांचा फोटो होता. घरच्या भिंतीवरून उतरवलेला, जुन्या साडीत गुंडाळून परळहून ठाकूरद्वारच्या या वाडीपर्यंत बसनं आणलेला. मंचाच्या मागं तो कुठं बसेल, खिळा किती वर ठोकावा लागेल, एवढंच बघायचं होतं. बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं.

मी ठेवला. चपलांच्या मांडणीवर. कुणाच्या तरी कोल्हापुरी जोडाशेजारी. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढचं सांगताना हे गाळायचा मोह होईल.

मग नानांनी समजावलं. आवाज गोड. त्यांचा आवाज कायम गोडच.

"हे बघ, वाडीचं मंडळ बदललं. नियमही बदलले. आता या पटांगणात लग्न लावायचं तर आधी आपल्या गुरुजींचा होम, सप्तपदी. मग तुमचं ते बुद्धाचं काय असेल ते म्हणा खुशाल. दहा मिनिटांचं काम आहे. मंचावर फोटोबिटो मात्र नको. पंगतीच्या बाजूला लावा हवं तर."

"बरं, नाना."

"शहाणी आहेस."

मी फोटो परत साडीत गुंडाळला आणि निघाले. बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी उभीच राहिले. का, ते तेव्हा कळलं नाही.

नानांना नाही म्हणणं माझ्या जिभेला ठाऊकच नव्हतं. मी पाचवीतून सुटलेली. गाव खेडपासून पायी तीन तासांवर. आई शालनच्या बाळंतपणात गेली, तेव्हा मास्तरांनी विचारलं, पोरीला कोण सांभाळणार? मी. पाटी ठेवली, शालनला कडेवर घेतलं. लग्न होऊन परळला आले तेव्हाही ती बरोबर होती. नवऱ्यानं एका शब्दानं विचारलं नाही. तो मिलमध्ये साचा खात्यात, मागावर होता. मग संप झाला. आज सुटेल, उद्या सुटेल करता करता घरातला एकेक डबा पालथा झाला. त्या वर्षी चाळीत जिला तिला काम हवं होतं आणि काम कुठंच नव्हतं. वाडीचं पटांगण झाडायचं काम मला नानांनी दिलं. जात विचारली नाही. गाव विचारलं. गावावरून कळलं असणार.

त्या कामावर शालन मॅट्रिक झाली. म्हणून मी नानांच्या पाया पडायची. सणाला, पगाराला, उगीचच. आमच्यात पाया पडणं सोडलंय, तरी पडायची.

आणि पटांगण त्यांनीच देऊ केलं होतं. "बहिणीचं लग्न ना? घे की इथं. तू आपलीच आहेस." त्यावर आम्ही कार्डं छापली. वाडीचा पत्ता घातला. वाटूनही झाली.

घरी मी सांगितलं तेव्हा शालन तांदूळ निवडत होती. नवरा दारात बसलेला. मिल गेल्यापासून त्याची जागा दारातच.

"ताई, तू हो म्हणालीस?"

"दहा मिनिटांचं काम आहे गं."

"मग ती दहा मिनिटं तू बस होमापाशी. मी नाही बसणार."

"तोंड फार चालतंय तुझं. पंधरा दिवसांत दुसरी जागा कुठून आणू?"

"शिकवलंस कशाला मग?"

नवरा उठला, फोटो साडीतून सोडवला, भिंतीवर लावला आणि परत दारात जाऊन बसला. मला त्याचाही राग आला. बोल ना काहीतरी! सगळं मीच ठरवायचं, आणि चुकले की मीच.

दुसऱ्या दिवसापासून मी जागा शोधत फिरले. आमची खोली दहा बाय दहा, लग्न उघड्यावरच लागणार. पूर्वी प्रश्नच नव्हता. मिलच्या मागं मैदान होतं, सगळ्यांची लग्नं तिथं. आता गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, "चावी शेठकडे. शेठ कुठाय, मलाच माहीत नाय. माझाच पगार मी कुणाकडं मागू?" चाळीच्या चौकात रेशनवाल्याच्या धान्याची पोती रचलेली. शाळेच्या हेडमास्तरांनी अर्ज घेतला. उत्तर महिन्यानं. "त्याआधी नाही का होणार?" तर म्हणाले, "बाई, लग्न महिनाभर पुढं ढकला." बागेत मांडवाला बंदी. एका मंडळाच्या कार्यकर्त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, मग विचारलं, "कुठल्या पद्धतीनं लागणार?" सांगितलं. त्याला एकदम आठवलं, त्या दिवशी तिथं क्रिकेट आहे.

घोडपदेवला नवऱ्यामुलाच्या घरी गेले. त्यांच्या चाळीच्या पटांगणात त्याच दिवशी दुसरं लग्न. मुलाची आई कपाळाला हात लावून बसली.

"अगं, मग कर ना होम! आगीला काय जात असते का?"

"शालन नाही म्हणते."

"म्हणू दे. माझा पोरगा पण नाय नाय म्हणतोय. दोघं शिकलेत ना. पावणे यायला लागले गावाहून, त्यांना काय रस्त्यावर बसवू? तू मोठी आहेस. तू हो म्हण आणि मोकळी हो."

मला तेच हवं होतं. कुणीतरी सांगायला हवं होतं. लग्नाला चार दिवस उरलेले. सकाळी पटांगण झाडून झालं की नानांना सांगायचं, ठरवून गेले. होम चालेल. शालनला मी बघते.

झाडलं. मंच झाडला, पायऱ्या झाडल्या. केरसुणी कोपऱ्यात ठेवली. रोजच्यासारखे गुरुजी आले आणि तांब्यातलं पाणी फुलानं शिंपडत पटांगणभर फिरले. पाच वर्षं बघत आले होते. मला वाटायचं, मी झाडते त्यानं धूळ उडते, ती बसावी म्हणून शिंपडतात. कधी कधी तर मनात ओशाळायचे, की आपण धूळ जास्त उडवतो. त्यासाठी मी हात हलका ठेवून झाडायला शिकले होते.

नाना ओट्यावर बसले होते. हो म्हणण्याआधी एकदा विचारून बघावं वाटलं. म्हटलं, "नाना, होमाचं विचारायचं होतं. तो केलाच नाही तर नाहीच का चालणार?"

नानांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, "अहो, तुमच्यासाठी नाही तो. जागेसाठी आहे. होमानं जागा शुद्ध होते. एरवी एवढी माणसं तुमची येऊन जाणार. दुसऱ्या दिवशी आमचं कार्य असतं इथं."

त्यांच्या हातात तो तांब्या होता. फूल पाण्यात बुडालेलं.

"आणि रोज मी झाडल्यावर शिंपडता, ते?"

गुरुजींनी तांब्या मागं घेतला. नानांनी अडकित्ता खाली ठेवला.

"अगं, ती आपली पद्धत असते. त्यात मनाला लावून घ्यायचं नाही."

पाच वर्षं. रोज. माझ्या पाठीमागून. आणि मी हात हलका ठेवायला शिकत होते.

"नाना, लग्न इथं नाही लागणार."

"असं घाईनं बोलू नकोस. कार्डं वाटलीस ना?"

"पत्ता बदलेन. घरोघर जाऊन सांगेन."

"उपकार विसरलीस."

"नाही विसरले. तुम्ही काम दिलंत, मी झाडलं. रोज झाडलं. आता ते पण नाही झाडणार."

शूर वगैरे काही वाटलं नाही. रस्त्यावर आल्यावर हिशेब मांडला: जागा नाही, काम नाही, चार दिवस. मी काय करून बसले!

चाळीखाली हिराबाय मासळी घेऊन बसते. खाडीच्या कडेच्या कोळीवाड्यातली. मी तिच्यासमोरून न थांबता चालले तर ओरडली, "काय गो, आज तोंडाला टाळा? माझी मासळी वास मारते काय?"

मी तिथंच फुटपाथवर बसले. सगळं सांगितलं. तिनं पापलेटावर पाणी मारता मारता ऐकलं.

"अगो, त्यात येवरं काय? आमचा खळा हाय ना. बोंबील सुकवतो तिकरं. एका बाजूचे बांबू काढू. वास येल, आधीच सांगतंय."

मी तिला मध्येच थांबवलं. या वेळी आधी बोलायचं होतं. "आमच्या पद्धतीनं लागेल लग्न. मंचावर बुद्धाची मूर्ती, बाबांचा फोटो. त्रिशरण, पंचशील. होमबीम काही नाही."

"मंग? मी काय भट हाय?"

तीन दिवस मी आणि नवरा घरोघर फिरलो. प्रत्येक कार्डावरचा वाडीचा पत्ता पेनानं खोडला, खाली कोळीवाडा लिहिला. अक्षर माझंच. पाचवीचं.

लग्न लागलं. वारा होता, मेणबत्त्या विझत होत्या, तीनदा लावल्या. मागच्या बांबूंवर बोंबील लटकत होते. घोडपदेवच्या बायका नाकाला पदर लावून बसल्या, आणि मुलाची आई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "सुकटीच्या वासात पोराचं लग्न लागलं माझ्या." शालनची पांढरी साडी खाऱ्या वाऱ्यानं चिकट झाली. दुसऱ्या दिवशी कोळीवाड्याच्या पाटलांनी हिराबायला झापलं: परक्यांना खळा देताना पंचांना विचारायचं असतं. तिनं ऐकून घेतलं. आमच्यापायी.

नानांचा निरोप आला. माफी माग, काम परत मिळेल. आणणारी बाई माझ्याच चाळीतली, माझ्यानंतर तिलाच झाडायला लावलेलं. मी तिला सांगितलं ते पाणी कशासाठी शिंपडतात. ती म्हणाली, "माहीत आहे मला. पोरं जेवतात त्याच्यावर." मीही पाच वर्षं जेवले होते.

मी गेले नाही. तीन घरची धुणीभांडी धरली. अंगावरची जुनी देणी शालननं आणि मी मिळून फेडली. नानांवर माझा राग आहे आणि त्यांनी दिलेल्या कामाची आठवणही आहे. दोन्ही राहतील. पण पाया पडणं संपलं.

माझी पोर आता आठवीत आहे. उद्या तिच्या लग्नाला जागा शोधावीच लागेल. एवढ्या मुंबईत आमच्या मालकीचं हातभर पटांगण नाही. तेव्हा मागायला जाईन. पण दारातच उभी राहून पहिल्यांदा सांगेन, आमचं लग्न कसं लागतं, मंचावर कोण असतं. सगळं सांगेन. नाही म्हणणाऱ्यानं माझ्या तोंडावर नाही म्हणावं, आणि का ते सांगावं. सगळ्यांनी नाही म्हटलं तर चाळीसमोर भर रस्त्यात मांडव घालीन. गाड्या थांबतील.

थांबू देत.